किल्लारीची आठवण आणि हिंगोलीतल्या आपल्या भिंती

२१ मार्च २०२४ ला रमजानचा दहावा रोजा होता. सहरी झाली, फजरची नमाज झाली आणि हिंगोली, कळमनुरी, वसमतमधली आपली बरीच घरं पुन्हा तासभर आडवी झाली होती. सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी जमीन हलली. फळीवरची भांडी वाजली, पंखे झुलले, लोक लेकरांना उचलून गल्लीत आले. "गेलं, आता काही नाही" म्हणत जे परत आत शिरले, त्यांना ६ वाजून १९ मिनिटांनी दुसरा धक्का बसला. पहिला ४.५ तीव्रतेचा, दुसरा ३.६ चा. मग १० जुलैला, मोहर्रमच्या पहिल्याच आठवड्यात, सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ चा धक्का. त्याचं केंद्र कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याजवळ होतं आणि तो नांदेड-परभणीपर्यंत जाणवला.

त्या दोन्ही सकाळी गल्लीत उभ्या असलेल्या चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द होता, किल्लारी. आणि विशीच्या आतली पोरं विचारत होती, "किल्लारी म्हणजे काय?"

हा प्रश्न आमच्या मनात राहिला. ३० सप्टेंबर दरवर्षी येतो. किल्लारीच्या स्मृतिस्तंभाजवळ पोलीस हवेत फैरी झाडून मानवंदना देतात, पुढारी हार घालतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. आपल्याकडेही कुणी दुआ करतं. पण ती माणसं नेमकी कशाने मेली, हे आपल्या घरात कुणी कुणाला सांगत नाही. ते सांगितलं पाहिजे, कारण ज्याने ती मेली ते आपल्या डोक्यावर आजही आहे.

त्या पहाटे काय झालं

३० सप्टेंबर १९९३, गुरुवार. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगावी गणपतीचं विसर्जन रात्री उशिरापर्यंत चाललं होतं आणि दमून आलेली माणसं गाढ झोपेत होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धक्का बसला. तीव्रता ६ च्या वर. वेगवेगळ्या नोंदींत ती ६.२ ते ६.४ अशी आढळते. केंद्र किल्लारीजवळ आणि जमिनीखाली फार खोलही नव्हतं. मिनिटभराच्या आत लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं जमीनदोस्त झाली. सरकारी नोंदीत मृतांचा आकडा ७,९०० च्या पुढे आहे, इतर नोंदींत तो दहा हजारांच्या जवळ जातो. हिंदू, मुस्लिम, दलित, लिंगायत, सगळ्यांच्या गल्ल्या एकाच ढिगाऱ्यात गेल्या. मागोमाग पाऊस सुरू झाला. कुणाचं दहन, कुणाचं दफन, आणि कित्येकांना ना नीट चिता मिळाली ना गुस्ल-कफन. ढिगाऱ्याखाली दबून जाणाऱ्याला शहीदचा दर्जा असतो असं आपण मानतो. त्या भागातल्या मुस्लिम कुटुंबांनी त्याच विश्वासावर पुढची वर्षं काढली.

किल्लारीचा भूकंप हा जगातल्या फार मोठ्या भूकंपांपैकी नाही. ६ च्या वरचे धक्के जगात दरवर्षी शंभराहून जास्त बसतात आणि त्यातल्या बहुतेकांत इतकी माणसं मरत नाहीत. मग लातुरात का मेली?

एक कारण वेळेचं. सगळे घरात, तेही झोपेत. दुसरं म्हणजे तो भाग त्या वेळच्या सरकारी नकाशात सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. मराठवाड्याचा काळा पत्थर हलत नाही अशी सगळ्यांचीच समजूत होती. पण खरं कारण तिसरं. ते म्हणजे घरं.

भिंत कशी मारते

मराठवाड्यातलं जुनं घर कसं असतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको, आपल्यातले कितीतरी जण त्यातच वाढले. काळा दगड, मातीचा चिखल, दोन-अडीच हात जाड भिंत. आत लाकडी खांब, वर तुळया, त्यावर फळ्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. हे माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. जाड भिंत म्हणजे पक्कं घर, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो.

पण ही भिंत दिसते तशी एकसंध नसते. ती खरं तर दोन भिंती असतात. बाहेरच्या बाजूला दगडांचा एक थर, आतल्या बाजूला दुसरा, आणि मधल्या पोकळीत भरलेले बारके दगड नि माती. या दोन थरांना बांधून ठेवायला भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालावे लागतात. असे दगड घडवायला वेळ जातो, पैसा जातो, म्हणून बहुतेक घरांत ते घातलेलेच नसतात. चिखल पन्नास-साठ पावसाळे खातो, मधली माती खाली बसते, आणि एक थर हळूहळू बाहेर झुकायला लागतो. त्यालाच आपण भिंतीला पोट आलं म्हणतो. जमीन आडवी हलली की हे दोन थर एकमेकांपासून सुटतात. बाहेरचा गल्लीत पडतो, आतला खाटेवर.

आता वरचं माळवद. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गळती थांबवायला वर नवी माती टाकायची ही रीत. जुनी मात्र कुणी काढत नाही. दादांनी टाकली, अब्बांनी टाकली, आपणही दोन वर्षं टाकली. वीतभराचा थर हातभर होतो. साधा हिशेब करून पाहा: दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर दीड फूट माती असेल, तर तिचं वजन सात-आठ टन भरतं. भरलेला एक ट्रक डोक्यावर उभा करून आपण खाली चटई अंथरतो. किल्लारी परिसरात खाली आलेल्यांपैकी कित्येक जण दगडाने नाही, या मातीखाली श्वास कोंडून गेले.

याच गावांत ज्यांची कुडाची नाहीतर गवती छपराची खोपटं होती, त्यातली माणसं जास्त वाचली. ज्यांच्या चौसोपी वाड्यांचा लोकांना हेवा वाटायचा, त्यांच्या घरी रडायला कुणी उरलं नाही. गरिबीने माणूस वाचल्याचं असं उदाहरण क्वचितच सापडेल.

आधीचे धक्के आणि आपले आवाज

किल्लारीबद्दल आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. तिथे ऑगस्ट १९९२ पासूनच लहान धक्के आणि जमिनीतून आवाज येत होते. ऑक्टोबर १९९२ मध्ये एक ठळक धक्का बसून काही घरांना तडेही गेले. लोक घाबरले, काही दिवस बाहेर झोपले. मग धक्के कमी झाले, सवय झाली, माणसं परत माळवदाखाली आली.

हे वाचताना हिंगोलीकरांना पांगरा शिंदे आठवणारच. वसमत तालुक्यातलं हे गाव, त्याच्या आसपासची वापटी, कुपटी, औंढा नागनाथ तालुक्यातलं पिंपळदरी, राजदरी, सोनवाडी, या गावांत कित्येक वर्षांपासून जमिनीतून गडगडल्यासारखे आवाज येतात. आधी लोक रात्र-रात्र बाहेर बसायचे. आता आवाज आला तर चहाचा कप खाली ठेवतात, थांबला की उचलतात.

इथे घाई करून अर्थ काढू नये. लहान धक्के बसले म्हणजे मोठा येणारच, असं विज्ञान म्हणत नाही. जगात असे कितीतरी भाग आहेत जिथे वर्षानुवर्षं लहान धक्के बसतात आणि पुढे काही होत नाही. उलट, लहान धक्क्यांनी "जमिनीतला गॅस निघून जातो, आता मोठा येत नाही" हेही खरं नाही. तीव्रता एका अंकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा साधारण ३२ पट होते. आपल्या ४.५ च्या धक्क्यात आणि किल्लारीच्या ६.३ मध्ये दोनेक अंकांचाच फरक वाटतो, पण ऊर्जा जवळजवळ ५०० पट. चार-पाच लहान धक्क्यांनी ती कशी निघून जाईल?

आणि व्हॉट्सॲपवर "आज रात्री दोन वाजता मोठा धक्का" असे जे मेसेज फिरतात, ते पुढे ढकलू नका. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणारं तंत्र आज जगात कुणाकडेही नाही. २०२४ च्या धक्क्यांनंतर असल्या मेसेजमुळे म्हाताऱ्या माणसांना रात्रभर अंगणात बसवलेली घरं आम्ही पाहिली आहेत. अंगणही कुठलं, तर त्याच पोट आलेल्या भिंतीला लागून.

थोडक्यात, जमीन कधी हलेल हे आपल्या हातात नाही. ती हलली की डोक्यावर काय पडेल, हे बरंचसं आपल्या हातात आहे. "अल्लाहची मर्जी" हे आपण बोलतो आणि मनापासून मानतो. पण ऊंट बांधून मग तवक्कुल करायला आपल्याला शिकवलंय, न बांधता नाही.

घरात काय बघायचं

१० जुलैनंतर जिल्हा प्रशासनाने एक साधं आवाहन केलं होतं. पत्र्यावर ठेवलेले दगड काढा. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून आपण त्यावर दगड मांडतो. धक्क्यात ते घरंगळून खाली येतात किंवा पत्र्यासकट आत पडतात. पत्रा हलका असल्याने तो स्वतः फारसा मारत नाही, वरचा दगड मारतो. पत्रे हुकाने, बोल्टने किंवा तारेने खालच्या लाकडाला नाहीतर पाइपाला आवळून बांधले की दगडाची गरजच राहत नाही. हे काम एका दिवसाचं आहे. तरी आपल्या मोहल्ल्यांत वर नजर टाकली तर दगड जागच्या जागी दिसतात.

माळवद असेल तर पहिलं काम माती उतरवणं. पूर्ण नाही, जुने थर कमी करून वीतभर ठेवायचे आणि गळती रोखायला मधे जाड प्लास्टिकचा कागद अंथरायचा. माती एकाच बाजूने उतरवू नका. सगळीकडून थोडी थोडी काढा, नाहीतर एका भिंतीवर भार येतो. लाकडी खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरके लाकडी टेकू ठोकून घेतले तर सांगाडा डोलत नाही. किल्लारीत कित्येक घरांचे दगड ढासळले तरी लाकडी खांब उभे होते. म्हणजे सांगाडा धरून ठेवण्यात अर्थ आहे.

भिंतीचं मोठं काम म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या पातळीला घरभर फिरणारा सिमेंट-लोखंडाचा पट्टा, आणि ठरावीक अंतरावर भोक पाडून त्यात सळई घालून काँक्रीट भरणं, म्हणजे भिंतीचे दोन थर एकमेकांना बांधले जातात. किल्लारीनंतर सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने जो पुनर्वसन कार्यक्रम राबवला, त्यात नवी गावं वसवण्याबरोबरच तेरा जिल्ह्यांतल्या जवळपास दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण याच पद्धतीने ठरलं. हे काम गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका, इंजिनिअरला दाखवा.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती एका गोष्टीची. मुलगा सौदीला किंवा पुण्याला कमावतो, पैसे येतात, आणि जुन्या दगड-मातीच्या भिंतीवरच स्लॅब पडतो किंवा वर आणखी एक खोली चढते. खालून चिखल, वरून काँक्रीट. बाहेरून रंग लावला की घर नवं दिसतं. असं घर जुन्या माळवदापेक्षा अजिबात सुरक्षित नाही. वर चढवायचं असेल तर पायापासून काँक्रीटचे कॉलम उभे केल्याशिवाय चढवू नका, मग लग्न सहा महिने पुढे गेलं तरी चालेल.

फुकटात होणारी कामंही आहेत. पोट आलेल्या भिंतीजवळची खाट आजच सरकवा. माळ्यावरच्या लोखंडी पेट्या, पाटे-वरवंटे, धान्याच्या कोठ्या खाली उतरवा. स्टीलचं कपाट भिंतीला पट्टीने जखडा. दाराच्या वाटेत रात्री मोटारसायकल लावू नका. किल्लारीचा धक्का पहाटेचा होता आणि आपले दोन्ही सकाळचे होते, हे लक्षात ठेवून रात्रीची मांडामांड करा.

हे बायकांना जास्त माहीत असतं

किल्लारीनंतरच्या दुरुस्तीच्या कामात एक वेगळा प्रयोग झाला. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं गेलं. पट्टा म्हणजे काय, माती किती काढायची, सरकारी पैसे कोणत्या टप्प्याला मिळतात, हे त्या घरोघरी समजावून सांगायच्या आणि काम बरोबर होतंय का तेही बघायच्या. सुरुवातीला पुरुषांनी हसून घेतलं. पण कोणत्या कोपऱ्यात ओल येते, कोणती तुळई वाळवीने खाल्ली, कोणत्या भिंतीतून माती झरते, हे दिवसभर घरात असणाऱ्या बाईलाच ठाऊक असतं. आपल्या मोहल्ल्यांतही बचत गट आहेत, बायकांचे इज्तेमा होतात. तिथे अर्धा तास या विषयावर बोललं गेलं तर पुरुषांच्या चार बैठकांपेक्षा जास्त काम होईल, असं आम्हाला प्रामाणिकपणे वाटतं.

मशिदी आणि मदरशांच्या कमिट्यांनीही एकदा वर बघावं. जुन्या मशिदीच्या चुन्याच्या बांधकामावर अलीकडे उभारलेले उंच मिनार, छज्जावरचे कठडे, मदरशात मुलं झोपतात त्या खोलीचं छत. जुम्याला जिथे चारशे माणसं बसतात तिथे बाहेर पडायला दारं किती आहेत आणि त्यातलं एक कायम कुलूपबंद का असतं, हा प्रश्न विचारायला भूकंपाची वाट बघायची गरज नाही.

अडतं कुठे

अडतं ते बहुतेक वेळा पैशावर नाही, वाटणीवर. आमचंच सांगतो. आमचं घर दादांच्या नावावर. त्यांच्या पश्चात चार भावांचा हिस्सा, त्यातले दोन हैदराबादला. मधली दगडी भिंत बडे अब्बांच्या घराशी सामाईक. तिला पोट आलंय हे सगळ्यांना माहीत होतं, पण दुरुस्ती कुणी करायची? एकाने केली तर त्याचा हक्क लागेल अशी दुसऱ्याला भीती, दुसऱ्याने हात लावला तर "न विचारता पाडलं" असं तिसऱ्याचं म्हणणं. अशी भिंत पाहिजे असेल तर हिंगोलीत, कळमनुरीत, वसमतच्या जुन्या वस्तीत प्रत्येक गल्लीत एक दाखवता येईल.

म्हणून कागदाचं काम आधी. गावात ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८, शहरात मालमत्ता पत्रक. त्यावर अजून मयत माणसाचं नाव असेल तर वारसांची नोंद करून घ्या. घरकुल योजनेसाठी ते लागतं, आणि उद्या काही पडझड झालीच तर पंचनाम्यात कुणाचं नाव लिहायचं हा वादही तिथेच संपतो. सगळे वारस एकत्र येत नसतील तर निदान एका कागदावर लिहून सह्या करा, की सामाईक भिंतीच्या दुरुस्तीने कुणाचा हिस्सा वाढणार नाही की घटणार नाही. आमच्याकडे हेच केलं. हैदराबादच्या चाचांची सही यायला दीड महिना लागला, पण आली.

३० सप्टेंबरला इशानंतर किल्लारीच्या मयतांसाठी, कुठल्याही जातीधर्माचे असोत, दोन शब्द बोलावेत आणि मग प्रत्येकाने घरी जाऊन टॉर्च घेऊन आपल्या भिंती बघाव्यात, अशी आमची सूचना आहे. भेग दिसली तर तिच्या टोकाला पेन्सिलीने आडवी रेघ मारून बाजूला तारीख लिहा. दर दोन-तीन महिन्यांनी बघा. भेग रेघेच्या पुढे गेली असेल तर ती वाढतेय, मग थांबू नका, त्या खोलीत झोपणं बंद करा आणि जाणकाराला बोलवा.

आमच्या सामाईक भिंतीवर स्टीलच्या कपाटामागे अशा दोन रेघा आहेत. खालची २१ मार्चची. वरची १० जुलैची, चार बोटं अंतरावर. कपाट आता दुसऱ्या खोलीत गेलंय, दादीची खाटही. माळवदावरून तेरा ट्रॉल्या माती उतरली. भिंतीचं काम पावसाळा संपला की सुरू करायचं ठरलंय, गवंड्याला इसार दिलाय.